जुनी व्हीटेक घेतलीस? आधी हे बघ

अभिनंदन! 2002 ची होंडा सिटी व्हीटेक म्हणजे दिसायला सेडान, पण मनाने स्पोर्ट्स कारच. लगेच एक्झॉस्ट बदलायला धावू नकोस. नवीन मालकांची पहिली चूक तीच.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह तालात ठेवणारा पट्टा) कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललाच नाही असं समज. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडावं लागतं. वॉटर पंप त्याच वेळी बदलून घे, मजुरी वाचते.

मग कूलिंग. पुण्यात सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढत असेल तर घरी इंजिन चालू ठेवून उभा राहा: काटा मध्यावर आल्यावर थोड्या वेळात रेडिएटरचा फॅन सुरू व्हायलाच हवा. नाही झाला तर आधी फ्यूज, रिले बघ. नळाचं पाणी ओतू नकोस, कूलंटच घाल. आणि गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही! माझा हात भाजलाय.

टायरवर चार आकडे असतात. 1417 म्हणजे 2017 चा चौदावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसो, असले जुने टायर घेऊन कात्रज घाटात जाऊ नकोस.

बिघाड शोधताना एका वेळी एकच पार्ट बदल. नाना पेठेत पार्ट घ्यायला जाताना जुना पार्ट सोबत ने.

आरसी पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण केलेली आहे ना? आजच बघ.