फोन कुणाच्या हातात द्यायचा?

प्रश्न : आई तीन आठवड्यांपासून अंथरुणाला खिळून आहे. आता काही दिवसांचाच प्रश्न आहे, असं डॉक्टर म्हणाले. धाकटा भाऊ परदेशात असतो. त्याच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलंय, आत्ता तिथून निघाला तर परत जाता येईल याची खात्री नाही. मोठी मावशी ब्याऐंशी वर्षांची, तिला प्रवास झेपत नाही. या दोघांना आईचा शेवटचा निरोप फोनवरून दाखवावा असं मला वाटतं. पण घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘तिथं मोबाईल रोखून उभं राहणं शोभतं का?’ आई अजून आहे आणि मी हे विचारतेय, याचीच लाज वाटते. काय करू?

उत्तर : लाज सोडा. आधी विचारलंत तेच बरं झालं. त्या दिवशी सकाळी चष्मा डोक्यावर असताना तुम्ही तो घरभर शोधाल, तेव्हा हे ठरवायला जमणार नाही. मग ऐनवेळी कुणीतरी खिशातून फोन काढेल आणि सुरू करेल.

आमच्याकडे तसंच झालं. बाबा गेले तेव्हा मी दूर होते आणि पाय प्लास्टरमध्ये होता. चुलतभावानं व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीच्या कठड्यावर टेकवला. मला दिसली पुढच्या खुर्चीची पाठ, काकांचा अर्धा खांदा आणि वर फिरणारा पंखा. आवाज विहिरीतून आल्यासारखा. तेविसाव्या मिनिटाला त्याच फोनवर कुणाचा तरी कॉल आला, बहुतेक ‘कुठवर आलं?’ विचारायला, आणि चित्र गोठलं. परत लागलं तेव्हा माणसं उठायला लागली होती.

त्याला मी त्याबद्दल कधी बोलले नाही. त्याचाही काका गेला होता, आणि तो सगळा वेळ बॅटरी किती उरली ते बघत उभा होता. हे मला पुष्कळ उशिरा सुचलं. पण एक सांगते, ती खुर्चीची पाठ पाहिली नसती तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलेलं नाही. तेव्हा तुम्ही दाखवा. फक्त फोन तुमच्या हातात नको, आणि आईवर जीव असलेल्या कुणाच्याच हातात नको.

आईला फारसं न ओळखणारं, पण तुमच्यासाठी तासभर उभं राहील असं माणूस शोधा. मुलीची मैत्रीण, तुमच्या ऑफिसातलं कुणी. त्यांना आजच विचारून ठेवा. विचारताना अवघड वाटेल, पण अशा वेळी आपण काय करावं हे न कळणाऱ्या लोकांना नेमकं काम मिळालं की सुटल्यासारखं होतं.

मोठ्यांचा विरोध मी उडवून लावणार नाही. त्यांना नको आहे तो बहुधा गर्दीतून फिरणारा, रडणाऱ्यांच्या तोंडासमोर जाणारा हात. फोन स्टँडवर लावा, मागच्या बाजूला किंवा कडेला, आडवा, आणि एकदा लावला की हलवायचा नाही. जवळ जाऊन चेहरे टिपायचे नाहीत. दुरून, सगळी खोली दिसेल असं एकच चित्र. तुमचा भाऊ तिथं असता तर मागच्या रांगेतून त्याला जेवढं दिसलं असतं, तेवढंच. असं सांगून पाहा, निम्मा विरोध मावळेल. आईशी बोलता येण्यासारखं असेल तर तिलाही विचारा. तिचं उत्तर काहीही असो, त्यानंतर घरात वाद उरणार नाही.

कॅमेरा कुठे थांबवायचा हेही आत्ताच ठरवा. राणी एलिझाबेथ यांचा अंत्यविधी १९ सप्टेंबर २०२२ रोजी जगभर थेट दाखवला गेला, तरी संध्याकाळी साडेसातचं दफन कुटुंबानं स्वतःपुरतं ठेवलं, तिथं कॅमेरे नव्हते. ज्यांच्या घरातलं काहीच खासगी राहत नाही त्यांनीसुद्धा एक दार लावून घेतलं. तुम्हीही घ्या. आणि ते कोणतं, हे भावाला आधी सांगा, नाहीतर एकदम पडदा काळा झाला की त्याला वाटेल नेट गेलं.

आता यंत्राचं. दोनच माणसं पाहणार असतील तर ‘लाइव्ह’च्या भानगडीत पडूच नका, साधा व्हिडिओ कॉल पुरे. व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलमध्ये ३२ जण मावतात. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी संपते. गूगल मीटच्या फुकट खात्यावर तिघे किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांची मर्यादा. विधीला किती वेळ लागेल हे कुणाच्याच हातात नसतं, म्हणून एका महिन्याचे पैसे भरा किंवा मर्यादा नसलेला मार्ग घ्या. नातलग खूप असतील तरच यूट्यूब. पण तिथं पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि मोबाईलवरून करायचं तर चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर हवेत. त्या दिवशी सकाळी पन्नास सबस्क्रायबर कुठून आणणार? व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल. आईच्या आवडीचं रेकॉर्ड केलेलं गाणं लावणार असाल तर तेही ध्यानात घ्या. कॉपीराइट तपासणारी यंत्रणा माणसं कशासाठी जमलीत ते बघत नाही, प्रक्षेपण मध्येच थांबवू शकते. घरातलं कुणी स्वतः गाणार असेल तर निराळी अडचण. झूम आपणहून ‘गोंगाट’ गाळतं आणि त्यात गाणं, वाद्य, घंटा हेही कधी कधी गाळून टाकतं. सेटिंगमध्ये मूळ आवाज तसाच ठेवण्याचा पर्याय असतो, तो आधी चालू करून पाहा.

पाहणारा अंधूक चित्र सोसतो, तुटका आवाज सोसत नाही. स्टँड दूर असेल तर बोलणाऱ्याजवळ छोटा कॉलर माइक ठेवा. तो नसेल तर दुसऱ्या फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करा, निदान नंतर ऐकता येईल. ज्या फोनवरून दाखवायचं त्याचं सिम काढा आणि दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर चालवा, म्हणजे ‘कुठवर आलं?’चा घोळ होणार नाही. बऱ्यापैकी चित्रासाठी तासाला एक जीबीच्या आसपास डेटा जातो. पॉवर बँक हवीच. फोन उन्हात ठेवू नका, तापला की कॅमेरा बंद पडतो. आदल्या दिवशी त्याच जागी जाऊन दहा मिनिटं चालवून पाहता आलं तर सोन्याहून पिवळं.

वेळ कळवताना भावाच्या घड्याळाची वेळ तारखेसकट लिहा. लिंक फक्त घरातल्याच माणसानं पाठवायची, जाहीर पोस्टमध्ये टाकायची नाही. शोकसंदेशांखाली ‘अंत्यविधी इथे थेट पाहा’ अशा खोट्या लिंक टाकून कार्डाची माहिती उकळणारे लोक आहेत. म्हणून सगळ्यांना आधीच सांगा की आमच्या लिंकवर कुणी पैसे मागणार नाही.

रेकॉर्डिंग करा, पण ते एकाच माणसाकडे ठेवा. ग्रुपवर टाकलेलं परत घेता येत नाही. फेसबुकच्या भरवशावरही राहू नका, २०२५ पासून तिथले लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसच राहतात. भाऊ ते कदाचित दोन वर्षं उघडणार नाही. न उघडो. आहे एवढं त्याला ठाऊक असलं म्हणजे झालं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते, कारण मला त्याचीच जास्त काळजी आहे. मावशीला नुसती लिंक पाठवू नका. तिच्याजवळ कुणीतरी बसलेलं हवं, टीव्हीवर लावून देईल, पाणी देईल असं. आणि भावाचं : तिथं विधी संपला की तुम्ही सगळे एकमेकांना धरून घरी जाल. तो लॅपटॉप मिटेल आणि खोलीत एकटा उरेल. माझा कॉल संपला तेव्हा स्क्रीनवर ‘आवाज कसा होता? तारे द्या’ असं आलं. पाच तारे. मी किती वेळ त्यांच्याकडे बघत बसले होते कोण जाणे. घरून फोन आला रात्री, सगळे जेवून झाल्यावर. त्यांची चूक नव्हती, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं केला असेल. म्हणून एका माणसाचं नाव घेऊन ठरवा : कॅमेरा बंद झाल्यावर पाच मिनिटांत भावाला फोन तू करायचास. त्याच्या गावातला एखादा मित्र त्या वेळी शेजारी येऊन बसला तर फारच चांगलं. भावाला काही बोलायचं असेल तर चार ओळी आधी मागवून तिथं वाचून दाखवा. थेट बोलायचा आग्रह नको, आवाज अडकला तर त्याला वाटेल आपण इथंही कमी पडलो.

प्रश्न : मैत्रिणीच्या वडिलांच्या अंत्यविधीची लिंक आली आहे. मी त्यांना दोनतीनदाच भेटलोय. कॅमेरा चालू ठेवावा का? खाली चॅटमध्ये काही लिहावं का?

उत्तर : माइक बंद, पाच मिनिटं आधी हजर. कॅमेरा बंद ठेवलात तरी चालेल. चालू ठेवलात तर मग मध्ये मेल बघायची नाही, डोळे कुठे फिरतात ते दिसतं. उडते बदाम आणि हात जोडलेली चित्रं नकोत. दोनतीन भेटींपैकी एखादी आठवत असेल तर ती नंतर मैत्रिणीला लिहून पाठवा. ‘तुमच्या बाबांनी मला छत्री दिली होती’ एवढंसुद्धा चालतं.

आणि जोडले जाताना स्वतःचं नाव नीट लिहा. बाबांच्या वेळी कॉलवर कोण कोण होतं त्याची यादी आईनं वहीत उतरवून घेतली होती, एकेकाला फोन करण्यासाठी. त्यात एक नाव ‘किचन टॅब’ आहे. ते शेवटपर्यंत थांबलं होतं. ते कोण, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.