प्रवाळांची बाजू कोर्टात मांडायची, तर एमएस्सी की एलएलबी?

प्रश्न: मुलगी पुण्यात प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मासेमारीमुळे प्रवाळांचं जे नुकसान होतं, त्याविरुद्ध कायद्यानं लढायचं म्हणते. एमएस्सी करू दे की एलएलबी? यात पोट भरेल का? – एक पालक, कोथरूड

उत्तर: एलएलबीच करू द्या, तीन वर्षांची. त्यासाठी राज्याची सीईटी लागते. क्लॅटच्या (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) क्लासला पैसे घालू नका. पुढे बार कौन्सिलची सनद आणि एआयबीई, म्हणजे वकिलीसाठीची देशपातळीवरची परीक्षा.

प्राणिशास्त्र वाया जाणार नाही, उलट तेच हुकमाचं पान. कॅरिबियनमधल्या एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न प्रवाळांना अमेरिकेनं 2006 मध्ये कायद्याचं संरक्षण दिलं. तिथला पॅरटफिश चोचीनं खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. तो कमी झाला की शेवाळ माजतं आणि प्रवाळाच्या अळीला चिकटायला मोकळा दगडच उरत नाही. म्हणून या माशांच्या पकडीवरून पर्यावरण संस्था 2012 मध्ये कोर्टात गेल्या. जाळं प्रवाळाला लागलंही नाही, तरी प्रवाळ का मरतो, हे न्यायाधीशांना पटवून द्यायला शास्त्र यावं लागतं.

आपल्याकडे पहिली चूक होते ती दार चुकण्याची. एनजीटीचं, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाचं, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, पण त्याच्या कक्षेतल्या सात कायद्यांत वन्यजीव कायदा 1972 नाही. त्यामुळे प्रवाळ त्या कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, असूनही त्याखालची याचिका, समजा मालवण सागरी अभयारण्याची, हायकोर्टात न्यावी लागते. सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांचा, भंग असेल तर एनजीटी. तिथे मुदत सहा महिने, सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस. मासेमारीचे नियम 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचे, पुढे केंद्राचे.

दुसरी चूक पुराव्याची. तारीख आणि जीपीएस नसलेला फोटो टिकत नाही. त्याच जागेचा आधीचा फोटो नसेल, तर समोरचा वकील म्हणणार की प्रवाळ पाणी तापल्यानं पांढरा पडून मेला, जाळ्यानं नाही. तुटलेली फांदी आणि पांढरी पडलेली वसाहत यांतला फरक तिला दाखवता यायला हवा.

पोटाचं स्पष्ट सांगते: नुसत्या प्रवाळांच्या केसेसवर घर चालणार नाही. सीआरझेड आणि प्रदूषणाची कामं धरावी लागतील, आणि ज्युनिअरशिपची पहिली वर्षं तुम्हालाच हातभार लावावा लागेल. अशिलांत रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमारही असतील. पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणारं मोठं जाळं) आणि ट्रॉलरचा फटका त्यांनाही बसतो, तेव्हा त्यांना विरोधी पक्ष समजून सुरुवात करू नये.

परीक्षा संपली की आठवड्यातून एक दिवस तिला एनजीटीतल्या सुनावण्या ऐकायला पाठवा. घरी आल्यावर अर्ज कोणत्या कलमाखाली होता आणि तो का फेटाळला गेला, एवढं वहीत लिहायला सांगा.