आरसी तुमच्या नावावर, पॉलिसी दुसऱ्याच्या

कोल्हापूरच्या रमणमळ्यातल्या एका वाचकाने मे महिन्यात डीलरकडून २०१६ ची डिझेल ऑडी ए६ घेतली. जूनमध्ये आरसी नावावर झाली. जुलैत पंचगंगेचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं. आता विमा कंपनी म्हणते, पॉलिसी मूळ मालकाची, क्लेम मिळणार नाही. आता काय करू, असं ते विचारतात. दर पावसाळ्यानंतर अशी पत्रं येतात.

पीयूसीपासून बँक स्टेटमेंटपर्यंत सगळं पाठवलंत, पण घोडं अडलंय मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७(२) वर. गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. मेपासून मोजा की जूनपासून, ते कधीच उलटले. 'पॉलिसी आपोआप येते' हे अर्धंच खरं. आपोआप येतं ते थर्ड पार्टीचं, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचं संरक्षण. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्सुलेशन्स प्रकरणात (१९९५) सांगून ठेवलंय. त्यामुळे कंपनीशी भांडण्यात फारसा दम नाही. मूळ मालकाच्या नावाने क्लेम टाकायचा विचार तर सोडूनच द्या.

कामाचा कागद एकच: 'आरटीओ व इन्शुरन्स ट्रान्सफरसह रु. १८,०००' ही डीलरची पावती. पैसे घेऊन काम केलं नाही, ही सेवेतली त्रुटी. आधी लेखी नोटीस द्या, मग कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मुदत दोन वर्षं. कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो; तुम्ही वर्षांच्या हिशेबाने चला.

पण रक्कम किती? पॉलिसी नावावर असती तर जे मिळालं असतं, साधारण तेवढंच मागता येईल. वर्कशॉपने दिलेल्या तुमच्या जॉबकार्डवर 'हायड्रोस्टॅटिक लॉक' लिहिलंय. म्हणजे पाणी शिरल्यावर कुणीतरी स्टार्टर मारला, सिलिंडरमध्ये पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट हे जादाचं संरक्षण (ॲड-ऑन) नसेल, तर हा खर्च कंपनीने तसाही बहुधा नाकारला असता. पॉलिसी शेड्यूलमधली ॲड-ऑनची ओळ आजच वाचा. घेतानाच वाचायला हवी होती. वर्कशॉपकडून एस्टिमेट दोन भागांत मागा: इंजिन वेगळं, वायरिंग, सीट, साफसफाई वेगळी. वाकलेला रॉड भंगारात जाऊ देऊ नका, तपासणी होईपर्यंत तो पुरावा आहे.

आणि नाव बदलायचा अर्ज अजूनही करा. मूळ मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला लागू होत नाही, तेवढा फरक भरावा लागेल.