मिलेनियल कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कल्चरमध्ये नेमकं काय हवं असतं?

मिलेनियल म्हणजे साधारण 1981 ते 1996 मध्ये जन्मलेले. मी 1987 ची, म्हणजे त्या हिशोबात बसते. बीन बॅग, शुक्रवारचा पिझ्झा, टेबल टेनिस यातलं काही नसलं तरी आमचं अडत नाही. हक्काची सुट्टी मागताना तोंड वेंगाडावं लागू नये, एवढं हवं असतं.

माझी आई कळव्याला बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी तेव्हा ऐरोलीला एका आयटी कंपनीत होते. एकवीस दिवस रजा शिल्लक होती, चारच मागितल्या. मॅनेजरचा पहिला प्रश्न, "घरी दुसरं कोणी नाही का?" शेवटी रजा दिली, पण लॅपटॉप सोबत ठेवायच्या बोलीवर. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी खाटेजवळच्या लोखंडी कपाटावरचा चहाचा थर्मास सरकवून मी त्यावर लॅपटॉप उघडला. त्याच वेळी डॉक्टर राउंडला आले. पाय कधी टेकवायचा, कसं वळायचं, सगळं सांगून गेले आणि मी हेडफोन लावून क्लायंटला एका रिपोर्टची तारीख सांगत होते. डॉक्टर काय म्हणाले ते मला शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या सुनेनं सांगितलं. याची मला आजही लाज वाटते.

वर अप्रेझलला शेरा मिळाला, कमिटमेंट कमी. दोन महिन्यांत राजीनामा दिला.

बाबा म्हणाले, "तुमच्या पिढीला सहनच होत नाही. मी एकतीस वर्षं एका कंपनीत काढली." काढली ना, रबाळ्याच्या केमिकल कंपनीत. पण बाबा, तीनचा भोंगा झाला की तुम्ही गेटबाहेर असायचात. थांबलात तर ओव्हरटाइम दुप्पट. रजेवरून कोणी नडलं की युनियनची माणसं थेट साहेबाच्या केबिनमध्ये. आमच्याकडे भोंगाच नाही. रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज पडतो, "कोणी जागं आहे का?" तुम्हाला जे आयतं मिळत होतं तेच आम्ही मागतोय, तर आम्ही नाजूक कसे?

तुम्ही नोकरी बघत असाल तर इंटरव्ह्यूमध्ये विचारा, टीममध्ये शेवटची लांब रजा कोणी घेतली आणि तेव्हा त्याचं काम कोणी बघितलं? उत्तर द्यायला चाचरले की समजून जा. लहान मूल असेल तर पाळणाघराचंही विचारा. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ते कायद्यानं लागतं.

हां, सपोर्टच्या कामात रात्रीचे फोन चुकत नाहीत, तिथे निदान बदली रजा तरी मिळावी. आणि माझ्यासारखा तडकाफडकी राजीनामा देऊ नका. घराचा हप्ता तेव्हा नवऱ्याच्या पगारातून जात होता म्हणून मला जमलं.

आता घणसोलीला आहे. मागच्या महिन्यात आईच्या तपासणीसाठी सकाळी मेसेज टाकला. साहेबांचं उत्तर आलं, "जाऊन या, अकराचा कॉल मी घेतो." तो मेसेज मी बाबांना चष्मा लावून वाचायला लावला.