घरी फ्रीझ केलेले मटार महिनाभरात पिवळट का पडतात आणि त्यांचा गोळा का होतो?

तुम्ही लिहिलंय की वाशीच्या मार्केटमधून पाच किलो मटार आणले, सोलून पिशवीत भरले आणि तसेच फ्रीझरमध्ये टाकले. महिनाभरात रंग उडाला, सुकल्या गवतासारखा वास यायला लागला आणि सगळा एकच गोळा झाला. मी ठाण्यात राहते. थंडीत जांभळी नाक्याला मटारांचे ढीग लागले की दरवर्षी वर्षभराची बेगमी करून ठेवते, म्हणून सांगते. तुमचे मटार चांगलेच असणार, फक्त मधली उकळत्या पाण्याची पायरी राहिली.

शेंगेतून काढल्यावरही दाण्यातली एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिनं, काम करत असतात. फ्रीझरच्या थंडीने त्यांचा वेग मंदावतो, पण ती थांबत नाहीत. रंग, वास, गोडी हळूहळू तीच खातात. ती निकामी होतात फक्त उष्णतेने. त्यासाठी दाणे थोडा वेळ उकळत्या पाण्यात घालून लगेच गार करायचे, यालाच ब्लांचिंग म्हणतात, आणि विकतच्या पाकिटातले मटारही यातून गेलेले असतात.

घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घ्या. अर्धा किलो दाण्यांना चार लिटर पाणी, खळखळ उकळलेलं. दाणे घातले की उकळी बसते. ती मिनिटभरात परत आली पाहिजे. नाही आली तर दाणे जास्त झाले असं समजा. उकळी परत आल्यापासून दीड मिनिट मोजायचं, घड्याळ लावूनच. फिकट दाणे बघता बघता गर्द हिरवे होतात आणि काही वर तरंगायला लागतात. रंग आला म्हणून लगेच काढायचा मोह होतो, पण दीड मिनिट होऊ द्या. अर्धवट उकळलेले दाणे न उकळलेल्यांपेक्षा लवकर खराब होतात, कारण थोड्या उष्णतेने एन्झाइम्सना उलट जोर चढतो. वेळ झाली की चाळणीत ओतून थेट बर्फाच्या पाण्यात. दाणा आतपर्यंत गार झाला पाहिजे, नाहीतर तो आतल्या आत शिजत राहतो. रंगासाठी खायचा सोडा घालायचा सल्ला बरेच जण देतात. कृपा करून घालू नका, त्याने दाणे गिळगिळीत होतात आणि बी-१ जीवनसत्त्व जातं.

आता गोळ्याबद्दल. तो पाण्यामुळे होतो. दाणे जुन्या सुती पंचावर पसरून, वरून दुसऱ्या पंचाने टिपून कोरडे करा. मग स्टीलच्या ताटात एकच थर लावून ताट फ्रीझरमध्ये ठेवा. दाणे खड्यासारखे कडक झाले की पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तोंड बंद करा. असे केलेले दाणे मूठभर हवे असले तरी सुटे निघतात.

पाच किलो शेंगांचे साधारण दोन किलोच्या आसपास दाणे निघतात, ते एकदम कोंबू नका. फ्रीझरच्या दर तीस लिटर जागेला एका दिवसात एक किलोच्या आसपासच माल नव्याने घालावा. जास्त घातला तर गोठायला वेळ लागतो, बर्फाचे कण मोठे होतात, ते दाण्यांच्या पेशी फाडतात आणि शिजवल्यावर भाजी लिबलिबीत लागते. काकडी, मुळा, कोबी फ्रीझ करू नयेत तेही यामुळेच, त्यांच्यात पाणीच फार.

फरसबी आणि फ्लॉवर तीन-तीन मिनिटं उकळून ठेवता येतात. पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे बारा महिने मिळणाऱ्या भाजीसाठी फ्रीझरची जागा अडवू नये. ती हंगामापुरत्या येणाऱ्या गोष्टींना द्यावी: मटार, पावटे, तुरीचे हिरवे दाणे. पावट्यांना आकार बघून दोन ते तीन मिनिटं द्या. मोड आणून सोललेले कडवे वालही मी ठेवते, पण ते न उकळता, आणि थोड्या दिवसांत संपवते. सोलायचं किचकट काम आधीच झालेलं असलं की आयत्या वेळी पाहुणे आले तरी बिरडं होतं. मिरच्या आणि चिरलेली कोथिंबीर यांनाही उकळायची गरज नाही.

वापरताना वितळवत बसू नका, फ्रीझरमधून काढून सरळ फोडणीत घाला. एकदा वितळलेले दाणे परत गोठवू नका.

तुमचा फ्रिज कोणता ते लिहिलं नाहीत. हे सगळं उणे अठरा अंशांच्या फ्रीझरचं आहे, त्यात मटार आठ-दहा महिने छान राहतात. एकदाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा गार नसतो. त्यात आइस्क्रीम मऊ राहत असेल, तर थोडेच मटार करा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा.