'करायला नको' म्हणजे मस्ट नॉट का नाही?

रामबागेतल्या एका काकूंनी विचारलेला हा प्रश्न. त्यांची अमेरिकेत वाढलेली सून पहिल्यांदाच दिवाळीला इंदूरला आली. प्रवासाने दमलेली. काकू सकाळी देवळात जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेल्या, 'यू मस्ट नॉट कुक टुडे.' सून दिवसभर ओट्याकडे फिरकली नाही, नीट बोललीही नाही. आपल्याला स्वयंपाकघरात मज्जाव केलाय असं तिला वाटलं होतं. काकू म्हणतात, "'आज तू स्वयंपाक करायला नको,' एवढंच तर लिहिलं. चुकलं काय?"

काकू, गोम आपल्या 'नको'त आहे. 'तू मोठ्यांशी असं बोलायला नको' ही मनाई. 'तू स्टेशनवर यायला नको, आम्ही रिक्षाने येऊ' ही सुटका. शब्दांची ठेवण तीच, पण एकात दार बंद होतं आणि दुसऱ्यात ओझं उतरतं. समोरासमोर बोलताना आवाजावरून कळतं. चिठ्ठीत आवाज नसतो.

इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे प्रयोग आहेत. मस्ट नॉटमधलं नॉट कामाला चिकटतं: 'न करणं' हेच बंधन. म्हणजे आपलं 'करता कामा नये'. डोन्ट हॅव टू किंवा नीड नॉट म्हटलं की बंधनच उठतं, मग करा किंवा करू नका. गंमत म्हणजे मस्टचं जर्मन भावंड म्युसेन. त्याला तिथला नकार जोडला की अर्थ होतो 'करायची गरज नाही'. एकाच कुळातले शब्द, नकार मात्र उलट. त्यामुळे हे तर्काने काढता येत नाही, पाठच करावं लागतं.

होकारात एवढी अडचण येत नाही. पहाटे नर्मदेचं पाणी येतं म्हणून उठावं लागतं, इथे हॅव टू, परिस्थितीच उठवते. 'तू डॉक्टरांकडे गेलंच पाहिजेस' यात बोलणाऱ्याचा आग्रह आहे, तिथे मस्ट शोभतं. 'जायला हवं' एवढंच असेल तर शुड. आपलं 'पाहिजे' मुळात 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप, 'म्हणजे' जसं 'म्हणणे'चं. 'पाहिलं जातं' यावरून 'हवं असतं' आणि तिथून 'केलं पाहिजे'. मला हा प्रवास फार आवडतो.

आपल्या इंदूरकरांना एक सोय आहे. अडलं की मनात हिंदी करून बघायचं. 'नहीं बनाना चाहिए' आणि 'बनाने की ज़रूरत नहीं' यांची गल्लत आपण कधी करत नाही. पहिलं तोंडात आलं तर शुडन्ट किंवा मस्ट नॉट, दुसरं आलं तर डोन्ट हॅव टू. तुमच्या चिठ्ठीत दुसरं हवं होतं: 'यू डोन्ट हॅव टू कुक टुडे.' पुढे 'प्लीज रेस्ट' जोडलंत तर माया पोचेल.

आणि सुनेने तुमच्यासाठी काही आणलं, तर 'अगं, कशाला आणलंस, आणायला नको होतं' हे मात्र बिनधास्त 'ओह, यू शुडन्ट हॅव!' असं म्हणा. रूप मनाईचं असलं तरी भेट घेताना इंग्रजीतही ते कौतुकानेच म्हणतात. तिला बरोबर कळेल.