निंबोळी अर्क आणि मित्रकीटक

प्रश्न : सांगोल्याजवळील आमच्या डाळिंबबागेत फुले लागली असून शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी कीड दिसते. पाच टक्के निंबोळी अर्क फवारल्यास मधमाश्यांना अपाय होईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : निंबोळीतील अ‍ॅझाडिरॅक्टिन मुख्यतः किडीच्या पोटात गेल्यावर तिची भूक व कात टाकण्याची क्रिया बिघडवते, म्हणून प्रौढ मधमाश्यांना धोका तुलनेने कमी असतो, मात्र माव्यातच फिरून मावा खाणाऱ्या, काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या ढालकिड्याच्या अळ्यांवर अर्क थेट पडल्यास त्याही दगावू शकतात. म्हणून आधी कोवळे शेंडे निरखून पाहा; अळ्या भरपूर असतील तर थोडे दिवस थांबा, आणि फवारायचेच झाल्यास मधमाश्या परतल्यावर, सूर्यास्ताच्या सुमारास फवारा. तंबाखूचा काढा मात्र कृपया वापरू नका. तो वनस्पतिजन्य असला तरी त्यातील निकोटिन मित्रकीटकांनाही मारते.